सोन्याचा कण पाण्यात कसा घडतो



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे, तर विषय रसायनाचाच असावा आणि एका चंबूत, साध्या शेगडीवर त्याची सुरुवात करता यावी, असे मला वाटले. म्हणून आज मी सोन्याच्या नॅनोकणांविषयी बोलणार आहे.

नॅनोकणांची गोष्ट बहुधा त्यांच्या उपयोगांपासून सुरू होते: औषधे, चाचण्या, उत्प्रेरक, पाणी शुद्ध करण्याची साधने. हे उपयोग महत्त्वाचेच आहेत. पण मला आज त्यांच्या जन्माबद्दल बोलायचे आहे. द्रावणात सुटे फिरणारे सोन्याचे आयन कधी एकत्र येतात, का येतात, आणि एका ठरावीक आकाराला येऊन का थांबतात? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: कणाचा आकार ही त्याच्या जन्माच्या वेळेची आणि वाढीच्या वेगाची नोंद असते. ही नोंद वाचता आल्याशिवाय आपल्याला कण बनवता येतात असे म्हणणे अपुरे आहे.

चंबूतला प्रयोग

पन्नास मिलिलिटर शुद्ध पाणी घ्यायचे. सोने आम्लराजात विरघळवून मिळणारे क्लोरोऑरिक आम्ल त्यात शेकडा ०.०१ इतके विरळ करून घ्यायचे. द्रावणाला अगदी फिकट पिवळा रंग येतो. ते उकळायला ठेवायचे, ढवळत राहायचे आणि उकळी आली की १ टक्का सोडिअम सायट्रेटचे द्रावण एक मिलिलिटर एकदम ओतायचे. पिवळेपणा जातो. थोडा वेळ काहीच घडत नाही असे वाटते. मग राखाडी-निळसर छटा येते, ती गडद होते, जांभळ्याकडे झुकते आणि काही मिनिटांत सारे पाणी लखलखीत लाल होते. ज्याने हे एकदा पाहिले, तो ते विसरत नाही.

या लाल पाण्यात धातूचे सोने आहे, फक्त अतिशय बारीक. कण साधारण सोळा नॅनोमीटर व्यासाचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोन्याची घनता आणि अणुभार धरून हिशेब केला, तर अशा एका कणात सुमारे सव्वा लाख अणू बसतात. आपल्या चंबूत सोने आहे जेमतेम अडीच मिलिग्रॅम, आणि त्याचे कण होतात साधारण साठ लाख कोटी. एवढ्याच सोन्याचा एक मणी केला असता, तर त्याचा पृष्ठभाग सव्वा चौरस मिलिमीटर भरला असता. कणांत विभागल्यावर तोच पृष्ठभाग जवळजवळ पाचशे चौरस सेंटिमीटर होतो.

आता प्रश्न उभा राहतो. धातूला नवा पृष्ठभाग निर्माण करायला ऊर्जा खर्च करावी लागते, कारण पृष्ठभागावरच्या अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी मिळत नाहीत. मग या सोन्याने एवढा मोठा पृष्ठभाग का पत्करला? एकच गोळा होऊन तळाशी का बसले नाही? आणि साठ लाख कोटी कण एकमेकांची काही खबर नसताना जवळपास सारख्या आकाराचे कसे झाले? आजचे सारे व्याख्यान या दोन प्रश्नांभोवती आहे.

फॅरेडेची लाल द्रावणे

सोन्याच्या संयुगांपासून लाल आणि जांभळे रंग करण्याची विद्या जुनी आहे. सतराव्या शतकात युरोपात सोने आणि कथील यांच्या क्षारांपासून 'कॅसियसचा जांभळा' हा रंग तयार होत असे आणि माणकासारखी लाल काच बनवायला तो वापरत. कारागिरांना कृती ठाऊक होती. रंग नेमका कशाचा आहे, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते.

हा प्रश्न प्रयोगाने तपासला तो मायकेल फॅरेडेने. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचे बेकेरियन व्याख्यान झाले. विषय होता सोने आणि इतर धातूंचे प्रकाशाशी नाते. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. विद्युत आणि चुंबकत्वातले त्याचे मोठे शोध मागे पडले होते, आणि तरीही तो सोन्याच्या वर्खातून आणि सोन्याच्या पाण्यातून प्रकाश कसा जातो, हे नव्याने शिकत होता.

फॅरेडेने सोन्याच्या क्षाराच्या विरळ द्रावणावर फॉस्फरसची क्रिया केली आणि माणकासारखे लाल द्रव मिळवले. अंधाऱ्या खोलीत त्यातून प्रकाशाचा झोत सोडला, तर झोताचा मार्ग उजळून दिसे. मिठाच्या खऱ्या द्रावणात असे होत नाही. यावरून पाण्यात सोने विरघळलेले नसून अतिसूक्ष्म धातुकणांच्या रूपात तरंगत आहे, असे त्याने मानले. कुठलाही सूक्ष्मदर्शी ते कण दाखवू शकत नव्हता. मग त्याने त्याच द्रवात थोडे मीठ घातले. लाल रंग निळा झाला. सोन्यात रासायनिक फरक काहीच पडला नव्हता, बदलली होती ती कणांची आपसातली मांडणी. द्रवात जिलेटिनसारखा पदार्थ असला की मिठाचा हा परिणाम रोखला जातो, हेही त्याने टिपले. त्याच्या हातचे काही नमुने आजही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपलेले आहेत.

फॅरेडेने मोजता न येणाऱ्या कणांचे अस्तित्व प्रकाश आणि मीठ या दोन साध्या साक्षीदारांकडून वदवून घेतले. त्यानंतरची पायरी रिचर्ड झिग्मोंडीची. १९०३ च्या सुमारास जर्मनीतल्या येना येथे त्याने हेन्री झीडेनटॉफबरोबर अतिसूक्ष्मदर्शी तयार केला. बाजूने तीव्र प्रकाश टाकायचा आणि कणांनी विखुरलेले उजेडाचे ठिपके मोजायचे, ही त्याची युक्ती. कण दिसत नव्हते, पण त्यांची संख्या मोजता येऊ लागली. कॅसियसच्या जांभळ्याचे कोडेही झिग्मोंडीनेच उलगडले: ते कथिलाच्या ऑक्साइडबरोबर मिसळलेले सूक्ष्म सोने होते. १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

रंगाचे कारण मी थोडक्यात सांगतो, कारण आज माझा विषय रंग नाही. प्रकाशलहरीच्या प्रभावाने कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एकदिलाने आंदोलित होतात. छोट्या सोन्याच्या कणांच्या बाबतीत हे आंदोलन ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा शोषला जातो, लाल उरतो. कण एकमेकांना खेटले की ही जुळणी लांब तरंगलांबीकडे सरकते आणि पाणी निळे दिसते. १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी याने याचे गणित मांडले, तेही सोन्याच्या कलिलाचाच, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म कणांचाच, विचार करताना. आपल्यासाठी महत्त्वाचे एवढेच की, चंबूतला रंग हे कणांच्या आकाराचे आणि अंतराचे उघड्या डोळ्यांना वाचता येणारे माप आहे.

जन्माचा अडसर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सायट्रेट क्षपणक आहे, तो सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतो आणि आयनांचे उदासीन अणू होतात. धातूचे सोने पाण्यात विरघळत नाही, म्हणून हे अणू पाण्यात उपरेच. त्यांनी एकत्र यावे, हे स्वाभाविक. पण पहिले काही अणू एकत्र येतात तेव्हा जवळपास सगळेच पृष्ठभागावर असतात. दोन नॅनोमीटरच्या कणात सुमारे अडीचशे अणू असतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक बाहेरच्या थरात. एकत्र आल्याने मिळणारी स्थिरता आकारमानाबरोबर वाढते आणि पृष्ठभागाची किंमत क्षेत्रफळाबरोबर. व्यास लहान असताना किंमत वरचढ ठरते आणि पुंजका मोडतो. एका विशिष्ट आकाराच्या पुढे गेला, की प्रत्येक नवा अणू त्याला अधिक स्थिर करतो. या सीमेला क्रांतिक आकार म्हणतात आणि ती ओलांडून टिकलेल्या पुंजक्याला बीज.

खडीसाखर करणाऱ्याला हे व्यवहारातून ठाऊक असते. साखरेचा घट्ट पाक थंड होऊन अतिसंपृक्त झाला, तरी साखर लगेच बाहेर पडत नाही. पाकात दोरा सोडला की खडे त्याच्यावर धरतात. नवा स्फटिक शून्यातून सुरू करणे अवघड, असलेल्यावर थर चढवणे सोपे. साखरेत आणि सोन्यात हा नियम सारखाच चालतो.

याच नियमातून समान आकाराचे स्पष्टीकरण निघते. ते १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या व्हिक्टर लामेर आणि रॉबर्ट डिनेगार यांनी मांडले. त्यांचा अभ्यास धातूवर नव्हता, द्रावणातून बाहेर पडणाऱ्या गंधकाच्या कणांवर होता. त्यांचे चित्र असे: द्रावणातल्या सुट्या घटकाचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. संपृक्तता ओलांडली तरी काही होत नाही. एक वरची मर्यादा गाठली की एकदम असंख्य बीजे तयार होतात. ती सुटा घटक वेगाने खाऊ लागतात, त्यामुळे प्रमाण पुन्हा त्या मर्यादेखाली येते आणि नव्या बीजांचा जन्म थांबतो. पुढे जो घटक तयार होतो, तो असलेल्या बीजांवरच बसतो. सगळी बीजे एकाच थोड्या काळात जन्मलेली, म्हणून सगळ्यांचे वय जवळपास सारखे आणि आकारही सारखा. वाढ जर घटकाच्या पसरण्याच्या वेगावर अवलंबून असेल, तर लहान कणांचा व्यास मोठ्यांपेक्षा भराभर वाढतो आणि मागे राहिलेले पुढच्यांना गाठतात.

जन्माचा काळ आणि वाढीचा काळ वेगळे पडले, तर आकार सारखे येतात. ते एकमेकांत मिसळले, तर कण लहानमोठे होतात. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत नॅनोकण करणारा प्रत्येक जण कळत-नकळत हे तत्त्व वापरत आला आहे. झिग्मोंडीने तर त्याही आधी हे दोन काळ हातानेच वेगळे केले होते. फॅरेडेच्या रीतीने केलेले अतिसूक्ष्म कण बीज म्हणून घ्यायचे आणि सोन्याच्या क्षाराच्या ताज्या द्रावणात घालून त्यांच्यावर थर चढवायचे. बीजांची संख्या कायम असेल, तर व्यास दुप्पट करायला आठपट सोने लागते. हे साधे भूमितीचे गणित आजच्या अनेक कृतींच्या मुळाशी आहे.

टर्केविच आणि फ्रेन्स

ज्या सायट्रेटच्या प्रयोगाने मी सुरुवात केली, त्याला आज टर्केविचची कृती म्हणतात. प्रिन्स्टनमधले जॉन टर्केविच, पीटर स्टीव्हनसन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या उभारणीतले एक अग्रणी जेम्स हिलियर यांनी १९५१ मध्ये फॅरेडे सोसायटीपुढे हे काम मांडले. सायट्रेटने सोन्याचे कलिल करणे त्यांच्याआधीही माहीत होते. त्यांचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. त्यांनी नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली कण मोजले, वेगवेगळ्या वेळी किती कण आहेत आणि केवढे आहेत, हे पाहिले आणि बीजे तयार होण्याचा वेग वाढीच्या वेगापासून वेगळा काढण्याचा प्रयत्न केला. सुरुवातीला काहीच न घडल्यासारखा जो वेळ जातो, त्याचा अर्थ त्यांनी लावला. त्यांच्या मते त्या काळात सायट्रेटचे ऑक्सिडीकरण होऊन अॅसिटोन डायकार्बॉक्सिलिक आम्ल तयार होते आणि तेच सोन्याचे आयन बांधून बीजाची जुळणी करते. पुढे या स्पष्टीकरणात बरीच दुरुस्ती झाली. पण चंबूतल्या शांततेलाही कारण असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही टिकून आहे.

१९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या जी. फ्रेन्स यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सोन्याचे प्रमाण तेच ठेवून त्यांनी सायट्रेट कमी-कमी केले. एक मिलिलिटर घातले तेव्हा कण सोळा नॅनोमीटरचे आले. ०.१६ मिलिलिटर घातले तेव्हा सुमारे १४७ नॅनोमीटरचे. या आकड्यांकडे जरा थांबून पाहू. व्यास नऊपटीहून वाढला, म्हणजे एका कणातले सोने सुमारे पावणेआठशे पटींनी वाढले. सगळे सोने कणांत उतरले असे धरले, तर कणांची संख्या पावणेआठशे पटींनी घटली. सायट्रेट मात्र सहापटीनेच कमी केले होते. क्षपणकात केलेला लहानसा बदल बीजांच्या संख्येवर असा प्रचंड परिणाम करतो. म्हणजे चंबूतल्या कणांचे पुढचे सारे आयुष्य पहिल्या थोड्या काळातच ठरते.

फ्रेन्स यांची ही कृती पुढे हजारो लोकांनी वापरली. पण सायट्रेटची भूमिका काय, याचे उत्तर मिळायला आणखी तीन दशके लागली. सायट्रेट क्षपणक आहे, हे उघड होते. तो कणांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांना ऋण प्रभार देतो आणि एकमेकांपासून दूर ठेवतो, हेही माहीत होते. तिसरी गोष्ट उशिरा ध्यानात आली: सायट्रेट हे एक दुर्बल आम्लाचे लवण आहे, म्हणून तो द्रावणाचा सामूही ठरवतो. सामू वाढला की सोन्याच्या आयनाभोवतीच्या क्लोराइडची जागा हायड्रॉक्साइड घेते आणि असा आयन क्षपणाला अधिक विरोध करतो. सायट्रेटचे माप बदलताना आपण क्षपणाचा वेग, पृष्ठभागाचे संरक्षण आणि सामू या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत असतो. २००७ मधल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाने हे स्पष्ट दाखवले. एक मिलिलिटर द्रावण ओतण्याच्या साध्या क्रियेत तीन वेगवेगळी कारणे लपलेली होती.

पहिला अणू सर्वांत अवघड

लामेरचे चित्र देखणे आहे. पण ते गंधकासाठी काढलेले होते, आणि सोन्याला ते जसेच्या तसे लावता येते का, ही शंका गेल्या काही दशकांत वाढत गेली. तिचे एक मूळ बर्लिनमधल्या आर्निम हेंगलाइन यांच्या कामात आहे.

त्यांचा मुद्दा चांदीच्या उदाहरणावरून कळतो. चांदीचा आयन चांदीच्या पत्र्यावर येऊन धातू होणार असेल, तर ते सोपे आहे. या क्रियेचे प्रमाण विभव अधिक ०.८ व्होल्ट आहे. पण तोच आयन पाण्यात एकटा असताना इलेक्ट्रॉन घेऊन एकटा अणू व्हायचा असेल, तर ते विभव सुमारे उणे १.८ व्होल्टपर्यंत खाली जाते. फरक अडीच व्होल्टांहून अधिक आहे. एकट्या अणूला आधार द्यायला शेजारी नाहीत, म्हणून त्याचे जन्मणे इतके महाग आहे. सोन्याच्या बाबतीतही दिशा हीच आहे. सायट्रेटसारखा सौम्य क्षपणक सुटे अणू सहज तयार करील, हे मग मानणे कठीण जाते. मात्र एकदा कुठे तरी छोटासा पुंजका तयार झाला, की त्याच्या पृष्ठभागावर येणारे आयन तिथेच सहज धातू होतात. धातूचा पृष्ठभाग आपल्याच वाढीला मदत करतो. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात.

१९९७ मध्ये अमेरिकेत म्युरिएल वॅट्झकी आणि रिचर्ड फिन्की यांनी इरिडिअमच्या कणांचा अभ्यास करताना हीच कल्पना दोन पायऱ्यांत मांडली. पहिली पायरी संथ आणि अखंड चालणारी, बीज तयार होण्याची. दुसरी वेगवान, असलेल्या पृष्ठभागावर क्षपण होण्याची. या चित्रात बीजांचा एकदम उद्रेक होण्याची गरजच नाही. वाढ जन्मापेक्षा खूप वेगवान असली, तरीही कण जवळपास सारखे येऊ शकतात. दोन वेगवेगळ्या कथा एकाच शेवटाला पोहोचतात. म्हणून केवळ शेवटच्या लाल पाण्याकडे पाहून कोणती कथा खरी, हे सांगता येत नाही. मधले पाहावे लागते.

मधले पाहण्याची साधने एकविसाव्या शतकात आली. योर्ग पोल्टे आणि त्यांच्या जर्मनीतल्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास चंबूतले द्रावण क्ष-किरणांच्या झोतात ठेवून क्रिया चालू असताना मोजमाप केले. एका प्रकारच्या क्ष-किरण मोजणीतून कणांचा आकार आणि संख्या कळते, दुसऱ्या प्रकारातून किती सोने अजून आयनरूपात आहे ते कळते. सुरुवातीच्या काळात लहान कण एकमेकांत मिसळून कणांची संख्या घटते आणि त्यानंतर संख्या स्थिर राहून उरलेले सोने त्या कणांच्या पृष्ठभागावरच क्षपित होते, असे चित्र त्यातून पुढे आले. म्हणजे वाढ फक्त अणू-अणूने होत नाही, कणाकणांच्या मीलनानेही होते.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली येथे हाइमेई झेंग आणि सहकाऱ्यांनी तर हे मीलन डोळ्यांपुढे आणले. अतिशय पातळ खिडक्यांमध्ये द्रावणाचा थर बंद करून तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली ठेवला आणि प्लॅटिनमचे एकेक कण वाढताना चित्रित केले. काही कण अणू घेत हळूहळू वाढत होते. काही एकमेकांना भेटून एक होत होते आणि मग काही काळ थांबून पुन्हा गोल आकाराला येत होते. दोन्ही वाटांनी गेलेले कण शेवटी जवळपास एकाच आकाराचे झाले. इथे एक सावधगिरी हवी: अशा प्रयोगात पाहण्यासाठी वापरलेला इलेक्ट्रॉनांचा झोतच आयनांचे क्षपण करत असतो. पाहण्याच्या साधनाने घडणाऱ्या गोष्टीत किती हस्तक्षेप केला, हे त्यात प्रत्येक वेळी तपासावे लागते.

आपल्या प्रयोगातल्या त्या निळसर टप्प्याचेच पाहा. काही संशोधकांनी त्यात कणांची तात्पुरती जाळी पाहिली, जी पुढे सुटून तिचे गोल कण होतात. इतरांच्या मते कण सुटेच असतात आणि त्यांच्या पृष्ठभागाशी अजून क्षपित न झालेले सोन्याचे आयन असल्यामुळे रंग बदललेला दिसतो. पाच मिनिटांत होऊन जाणाऱ्या, दीर्घकाळ ओळखीच्या असलेल्या या रंगबदलात आजही असे मूलभूत मतभेद असावेत, ही मला या शास्त्राची जिवंत खूण वाटते.

वाढ का थांबते

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे आहे. सगळे सोने एकच गोळा का झाले नाही? ऊर्जेच्या हिशेबाने तो गोळाच सर्वांत स्थिर. पण तिथे पोहोचण्याच्या वाटेत अडथळा आहे. सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण प्रभार असतो आणि कण एकमेकांना दूर ढकलतात. मीठ घातले की सोडिअमचे धन आयन कणांभोवती दाटतात, हा प्रभार झाकला जातो आणि कण जवळ येऊन चिकटतात. फॅरेडेच्या लाल द्रवाचा निळा झाला तो यामुळे. आयनावरचा प्रभार एकाऐवजी दोन किंवा तीन असेल, तर कितीतरी कमी प्रमाणात हे घडते. शुल्झे आणि हार्डी यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. जिलेटिनसारखा लांब रेणू कणाभोवती आवरण धरतो आणि कणांना जवळच येऊ देत नाही.

कणांना न चिकटताही वाढण्याची आणखी एक वाट असते. छोट्या कणातले अणू कमी घट्ट धरलेले असल्याने ते सहज सुटतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात, म्हणून लहान कण विरत जातात आणि मोठे वाढतात. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी ही प्रक्रिया ओळखली. सोने पाण्यात जवळपास अविद्राव्य असल्याने आपल्या चंबूत ती फार संथ चालते, म्हणून नीट केलेले लाल द्रावण महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. लाल पाणी टिकते ते त्याला खाली जाण्याची वाट बंद केल्यामुळे. ती वाट आपण कशी बंद केली, हे कळले की ती हवी तेव्हा उघडताही येते. घरी करता येणाऱ्या अनेक गर्भचाचण्यांच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ अशाच सोन्याच्या कणांची असते. कणांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. पट्टीवरून वाहत जाताना कण सुटे राहावेत आणि नेमक्या रेषेवरच थांबावेत, एवढ्यासाठी त्यांच्या पृष्ठभागाची सारी काळजी घेतलेली असते.

पाषाणमधले त्रिकोण

आपल्याजवळ घडलेल्या एका कामाचा उल्लेख करतो. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या गवती चहाच्या वंशातल्या एका गवताच्या पानांचा अर्क घेतला आणि सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. साध्या तापमानाला पातळ, सपाट, त्रिकोणी स्फटिक मोठ्या प्रमाणात मिळाले. हे काम २००४ मध्ये 'नेचर मटेरिअल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वनस्पतीच्या अर्कातून सोने मिळाले, एवढ्यावर ते थांबले असते, तरी बातमी झाली असती. त्यांनी त्रिकोण कसे झाले ते पाहिले. आधी गोल कण भराभर तयार होतात, ते एकत्र येतात आणि जणू द्रव असल्यासारखे एकमेकांत मिसळून त्रिकोणाची पाती होतात, असे स्पष्टीकरण त्यांनी मांडले. अर्कातल्या आल्डिहाइड आणि कीटोन गटाच्या रेणूंनी पृष्ठभागाशी केलेल्या बंधाचा त्यात हात असावा, असे त्यांनी सुचवले. सोन्याचा मोठा तुकडा १०६४ अंश सेल्सिअसला वितळतो, पण दोन-तीन नॅनोमीटरचे कण त्याहून शेकडो अंश खाली वितळतात, हे १९७० च्या दशकात मोजलेले आहे. पृष्ठभागावरचे अणू किती हलते असतात, याची कल्पना यावरून येते. मीलनातून वाढ होते, ही मघाची गोष्ट पुण्यात पानांच्या अर्कातही दिसली होती.

त्यानंतर देशभरात वनस्पतींच्या अर्कातून नॅनोकण करण्याची लाट आली. महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांना ते परवडते, विद्यार्थ्यांना हाताने काम करायला मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. कडुनिंब, तुळस, पेरू, जांभूळ अशी पाने बदलत जातात आणि निबंधाचा साचा तोच राहतो: अर्क घातला, रंग बदलला, कण मिळाले, शेवटी सूक्ष्मदर्शीखालचे चित्र. अर्कात क्षपण करणारा रेणू कोणता? सामू किती होता? बीजे केव्हा जन्मली? कणांची संख्या वाढली की घटली? हे विचारले नाही, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच झाडाच्या पानांतून वेगळा आकार मिळतो आणि का, हे कोणालाच सांगता येत नाही. वर्गात आणि प्रयोगशाळेत आपण कृती भरपूर गोळा केल्या. घडणीची समज त्या मानाने थोडी जमवली.

शिक्षकांना विनंती

समोर रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकवणारे अनेक जण बसले आहेत, त्यांना माझी ही विनंती. सोन्याचा हा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळेत करता येण्याजोगा आहे. सोन्याचा क्षार महाग असला, तरी अडीच मिलिग्रॅम सोन्यात संपूर्ण वर्ग पाहू शकेल असा प्रयोग होतो. काचेची भांडी आम्लराजाने धुवायची असतात, ते काम धूरपेटीत, हातमोजे आणि चष्मा घालून, शिक्षकाच्या हातूनच व्हावे. भांड्यावर आधीचे सोने चिकटलेले राहिले, तर तेच बीज ठरते आणि सारे गणित बिघडते, हेही विद्यार्थ्यांना त्याच वेळी सांगावे.

मग विद्यार्थ्याला फक्त लाल पाणी दाखवून सोडू नका. दर अर्ध्या मिनिटाला रंग लिहायला लावा. सायट्रेट अर्धे करा आणि शांततेचा काळ वाढतो की घटतो, ते बघायला लावा. सामू मोजा. लेझरचा झोत सोडून द्रावण कोणत्या क्षणी उजळते ते नोंदवा. शेवटी थोड्या द्रावणात मीठ घाला, थोड्यात आधी जिलेटिन घालून मग मीठ, आणि दोन्ही परीक्षानळ्या शेजारी ठेवा. वर्णपटमापक असेल, तर शोषणाचे शिखर कुठून कुठे सरकते ते काढा. बिघडलेल्या चंबूची नोंद यशस्वी चंबूइतक्याच काळजीने ठेवा, कारण बीज कधी आणि किती जन्मले, याचा पुरावा बहुधा त्याच वहीत सापडतो.

नॅनोकणाचा आकार मोजणे आज सोपे झाले आहे, मोठ्या संस्थेत नमुना पाठवला की आठवड्यात आकडा येतो. त्या आकारापर्यंत कण कोणत्या वाटेने आला, हे मात्र चंबूसमोर घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येते. घड्याळ आणि वही या दोन गोष्टी आपल्या प्रत्येक महाविद्यालयात आहेत. त्यांच्या जोरावर उद्याचे विद्यार्थी 'काय मिळाले' यासोबत 'कसे घडले' हेही सांगू लागले, तर आपल्याकडचे नॅनोविज्ञान कृतींच्या पुढे जाऊन नियम शोधू लागेल, याची मला खात्री आहे.